वाढीव आठ मिनिटं

“बहिणीचा झेंडा भावासाठीच वर जाणार. हे कळायला काय पंचांची परीक्षा द्यावी लागत नाही.”

शिरगावकर हे माझ्याकडे न बघता बोलले. मी त्यांच्यापासून चार हातांवर वाकून बुटाची नाडी बांधत होते. बांधून झालेली नाडी मी परत सोडली आणि परत बांधली, कारण वर बघितलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

शिरगावकर म्हणजे दगडी हौद तालमीच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर. त्यांच्यासमोर त्या दिवशी होती आमच्या पेठेची पिंपळवेस तालीम, आणि पिंपळवेसचा गोलकीपर धैर्यशील हा माझा सख्खा धाकटा भाऊ. म्हणूनच मला त्या सामन्याला लाईनवर, म्हणजे झेंडा घेऊन कडेनं पळायला, लावलेलं नव्हतं. मी चौथी पंच होते. बदली खेळाडूंचे नंबर आणि शेवटी वाढीव मिनिटं दाखवायचा फलक हातात धरून मधल्या रेषेजवळ उभं राहायचं, एवढंच काम. पण सामन्याला तासभर उरला असताना लाईनवरच्या पंचांचा फोन आला, की सकाळपासून उलट्या होतायत, उभंसुद्धा राहवत नाही. फलक धरायला प्रेक्षकांतलेच एक निवृत्त पंच मिळाले. झेंडा घेऊन नव्वद मिनिटं पळेल असं मात्र माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मुख्य पंच होते नेसरीकर सर. शाळेत पीटी शिकवायचे, आणि मला शिट्टी फुंकायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी दोन्ही मॅनेजरांना बोलावून सरळ विचारलं, की ही मुलगी चालेल का. शिरगावकर काय बोलले ते वर सांगितलंच. आमच्या पेठेचे अण्णा साळोखे मात्र खुशीत हसले. आमची कसली हरकत, म्हणाले, आपलीच पोरगी आहे.

खरं सांगायचं तर शिरगावकरांच्या टोमण्यापेक्षा अण्णांचं ते हसणं मला जास्त लागलं.

“राहू दे,” शिरगावकर शेवटी म्हणाले. “पण सर, खेळाडूंवर एक डोळा आणि हिच्यावर एक डोळा ठेवा.”

कोल्हापुरात पेठेचा फुटबॉल काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. सामन्याच्या दिवशी दुकानांची अर्धी शटरं खाली असतात. लग्नाची बोलणी करतानासुद्धा पोरगं कुठल्या तालमीचं, हे आधी विचारतात. आणि हा तर हंगामाचा शेवटचा सामना होता. हौदाला बरोबरी झाली तरी चषक मिळणार होता, आम्हाला जिंकणं भाग होतं. पंचांच्या पॅनेलवर मी एकटीच बाई. दोन वर्षं शाळांच्या सामन्यांत उन्हात पळून इथवर आले होते. आज माझा हात एकदा जरी चुकीचा वर गेला असता, तर ‘बायकांना हे जमत नाही’ आणि ‘भावासाठी केलं’ ही दोन्ही वाक्यं एकदमच माझ्या नावावर चढली असती. माझ्यामागून येणाऱ्या पोरींना मग कुणी लाईनच्या जवळसुद्धा उभं केलं नसतं.

आणखी एक होतं. नऊ दिवसांनी माझं लग्न होतं, पेठेतल्याच हॉलमध्ये. आमच्याकडे पेठेतल्या पोरीचं लग्न म्हणजे तालमीचं काम असतं. मांडव घालण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत सगळं तालमीची पोरं करतात, पाहुण्यांना हात लावू देत नाहीत.

मैदानात उतरताना धैर्यशील माझ्याजवळून गेला. हातमोजे चढवत होता.

“आक्का, आज तू मला ओळखत नाहीस,” तो म्हणाला.

“तू पण मला.”

“मी तर आधीपासूनच ओळखत नाही,” तो म्हणाला आणि हसत पळत गेला.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी बारा. त्याचं दप्तर, डबा, गुडघे फुटले की हळद, सगळं माझ्याकडे आलं. आक्का म्हणायला तो आई असतानाच शिकला होता. ती गेल्यावर त्या शब्दाला वेगळंच वजन आलं.

पहिल्या अर्ध्यात आमचा गोल झाला. पिंपळवेस एक, हौद शून्य. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या आणि धैर्यशीलचा गोल माझ्या वाट्याच्या अर्ध्या मैदानात आला. माझ्या पाठीमागे हौदाची गॅलरी होती. तिथल्या पोरांना माझं नाव एव्हाना कळलं होतं. “संयोगिताताई, राखी किती तारखेला आहे ओ?” असं ती अधूनमधून अगदी आदरानं विचारत होती.

बासष्टाव्या मिनिटाला धैर्यशील पहिल्यांदा पडला.

पोटरीत गोळा आला म्हणून तो आडवा झाला आणि असा काही ओरडला, की पलीकडच्या गॅलरीतसुद्धा लोक उभे राहिले. डॉक्टर आले. पाय ताणला, फवारा मारला, पाणी पाजलं. तोवर आमचे दहा खेळाडू अण्णांभोवती जमून सूचना ऐकत होते. इथं नियमातली एक गोष्ट सांगायला हवी. दुसरा कुठलाही खेळाडू पडला आणि मैदानात त्याच्यावर उपचार झाले, की त्याला रेषेबाहेर जावं लागतं, आणि खेळ सुरू झाल्यावर पंचांनी खूण केली तरच परत आत यायचं. गोलकीपरला ही अट नाही. गोल मोकळा सोडून खेळ कसा चालणार? त्यामुळे वेळ काढायचा असेल तर पडायचं कुणी, हे प्रत्येक संघाला पाठ असतं.

वाया गेलेला वेळ टिपून ठेवायला नेसरीकर सरांनी मला सांगितलं होतं. एका हातात झेंडा, वही कुठे धरणार? मी झेंडा काखेत मारून बॉलपेननं डाव्या तळहातावर लिहीत होते. पहिलं पडणं, पावणेदोन मिनिटांच्या वर.

मग आमच्या बॅकनं नाडी बांधायला चाळीस सेकंद घेतले. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला धैर्यशील दुसऱ्यांदा पडला. डोळ्यात माती गेली म्हणाला. तेव्हाही आई-आई करून तो गडबडा लोळला आणि दोन मिनिटं सहज खाल्ली. उठताना त्यानं माझ्याकडे बघून अगदी बारीक डोळा मिचकावला. माती गेलेलाच डोळा. मी मान फिरवली. गोलकिकला तो चेंडू आधी उजवीकडे ठेवायचा, विचार करायचा आणि मग उचलून डावीकडे न्यायचा. असं दोनदा झालं. आमचा बदली झालेला खेळाडू देवदर्शनाला चालल्यासारखा मैदानाबाहेर गेला. सगळं माझ्या तळहातावर चढत होतं.

अण्णा बाकावरून त्याला खाली बसायची खूण करत होते ते मला दिसत होतं. हौदाच्या पोरांनाही दिसत होतं. मागून आता राखीची चौकशी थांबली होती आणि सरळ शिव्या सुरू झाल्या होत्या, त्याला कमी आणि मला जास्त. तुझा भाऊ झोपलाय तर अंगाई म्हण, असं एकजण म्हणाला. पाण्याची एक पिशवी माझ्या खांद्यावर येऊन फुटली.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला हौदाला कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, दहा-बारा अंगं एकावर एक आदळली, हौदाच्या फॉरवर्डचा गुडघा कुठेतरी लागला, आणि चेंडू गोलच्या मागे गेला. माणसं बाजूला झाली तेव्हा धैर्यशील गोलच्या खांबाशी गुडघ्यांवर होता. कपाळ गवतावर टेकलेलं, उजवा हात पोटाखाली.

डॉक्टर पिशवी घेऊन उभे राहिले. पण पंचांनी बोलावल्याशिवाय त्यांना आत येता येत नाही. नेसरीकर सर धावत आले, धैर्यशीलकडे वाकून बघितलं, काहीतरी विचारलं. उत्तर मिळालं नसावं. हौदाची सगळी टीम सरांभोवती गोळा झाली. तिसऱ्यांदा सर, तिसऱ्यांदा, असं सगळे एकदम बोलत होते. सर त्यांच्यातून वाट काढत माझ्याकडे आले. सगळ्यांत जवळ मीच होते, कॉर्नरच्या झेंड्यापाशी.

मागची गॅलरी एकदम गप्प झाली. मी काय सांगते ते त्यांना ऐकायचं होतं.

“तू जवळ होतीस,” सर म्हणाले. “डॉक्टर बोलावू का?”

“नाटक आहे, सर. वेळ काढायलाय.”

सर मागे वळले आणि खिशातून पिवळं कार्ड काढलं. धैर्यशीलनं मान वर केली. त्यानं कार्डाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि जाऊन गोलमध्ये उभा राहिला. माझ्या मागे टाळ्या पडल्या, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी. समोरून, आमच्या पेठेच्या गॅलरीतून, काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. अण्णा रेषेपर्यंत येऊन वाद घालत राहिले. त्यातच आणखी वेळ गेला. कॉर्नरपासून धरून एक मिनिट चाळीस. तेही मी लिहिलं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला तेव्हा सर लाईनजवळ आले. किती झाले, असं त्यांनी हळूच विचारलं. मी तळहात उघडून दाखवला. सरांचं तोंड उतरलं.

“आठ? पाच म्हणूया का गं? स्टेडियम जाळतील.”

“गेले ते आठ गेले, सर.”

सरांनी मान हलवली. मधल्या रेषेवर फलक वर गेला आणि त्यावर लाल आकडा पेटला. आठ. एकदा दाखवलेली मिनिटं पंचाला वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. माझ्या तळहातावर काय लिहिलंय ते समोरच्या गॅलरीला दिसत नव्हतं. तिला एवढंच दिसलं होतं, की मी हात उघडला, सरांनी त्यात बघितलं आणि आठ मिनिटं आली.

त्या आठातल्या सात मिनिटांत काही झालं नाही. धैर्यशील चेंडू डाव्या हातानं फेकत होता. एक चेंडू त्यानं धरायचा सोडून बुक्कीनं बाहेर घालवला, तोही डाव्या. हे मी बघत होते. आठव्या मिनिटाला हौदाच्या पोरानं लांबून, काही सुचेना म्हणून, एक चेंडू मारला. त्यात जोर नव्हता. सरळ छातीवर आला. असे चेंडू धैर्यशील गल्लीत चहा पीत पीत धरायचा. त्यानं दोन्ही हात पुढे केले. चेंडू हातात आला आणि उजवा पंजा मागे मुडपला. चेंडू त्याच्या अंगावरून घरंगळत, अगदी सावकाश, रेषेपलीकडे गेला.

एक-एक. चषक हौदाकडे गेला.

पोलिसांनी मला मधल्या दारानं बाहेर काढलं. तरी अण्णा साळोखे वाटेत गाठ पडलेच. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“हात बघून पेठेचं भविष्य सांगितलंस की गं,” म्हणाले. “चांगली विद्या शिकलीस.”

ते वाक्य माझ्याआधी घरी पोचलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत तेच. दुसऱ्या दिवशी मी दुधाला गेले तर दुकानातल्या बायकांनी जागा दिली, पण अशी, जशी ओल्या कुत्र्याला देतात. एकीनं विचारलं, ताई, जरा माझा हात बघता का, पोरगं पास होईल का सांगा. आबांना, म्हणजे वडिलांना, तीस वर्षांचे मित्र नमस्कार घालेनात. कुणी म्हणालं, हौदानं पोरीला लग्नासाठी सोनं दिलं असणार. कुणालाही ती मिनिटं कुठून आली हे विचारावंसं वाटलं नाही. ती अण्णांच्या खुणेवर एकेक करून आमच्याच संघानं जमवलेली होती. हे पेठेला पटवू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो सामन्याच्या रात्री घरी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

“गाडीवरून पडलो,” आबांना म्हणाला. “काल, रंकाळ्याच्या वळणावर. मनगट गेलंय.”

आबा भडकले. सामना घालवून वर गाडी उडवत फिरता, काही लाज आहे का. तो ऐकून घेत उभा राहिला. मी पाणी आणून दिलं. त्यानं ते आबांच्या पुढ्यातून डाव्या हातानं उचललं आणि माझ्याकडे न बघता प्यायला. पेठेतही त्यानं सगळ्यांना तेच सांगितलं, गाडीवरून पडलो. लोकांनी विश्वास ठेवला. हरलेल्या गोलकीपरनं दुःखात गाडी घसरवावी, हे लोकांना पटण्यासारखं होतं.

लग्नाच्या सकाळी हॉलच्या तोंडाशी एक भलामोठा फ्लेक्स लागलेला दिसला. त्यावर माझा फोटो होता, झेंडा वर केलेला. खाली लिहिलं होतं: ‘आमच्या लाडक्या भगिनीस शुभाशीर्वाद. आपली आठ मिनिटं आयुष्यभर लक्षात राहतील. दगडी हौद तालीम.’ सासरची मंडळी त्याच्या खालून आत आली. नवऱ्या मुलाच्या काकांनी तर कौतुकानं विचारलं, की हे कोण तुमचे एवढे आपले लोक? आबांनी फ्लेक्स काढायला कुणाला हाक मारावी म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हॉलमध्ये तालमीचं एकही पोरगं नाही.

कुणीच आलं नाही. मांडव आचाऱ्याच्या माणसांनी कसाबसा बांधला होता. अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली, पानं मांडली गेली, आणि वाढायला कुणी नाही, आचाऱ्याची माणसं चुलीशी गुंतलेली. शंभर माणसं रिकाम्या पानांसमोर बसून एकमेकांकडे बघत होती. मी मुंडावळ्या बांधून स्टेजवरून बघत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून धैर्यशील आला. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, त्या हाताच्या कोपराच्या बेचक्यात भाताचं पातेलं, आणि डाव्या हातात डाव. मागून आबा, त्यांच्या हातात वरण. तालमीनं त्याला बजावलं होतं, की तू जर वाढायला गेलास तर परत तालमीची पायरी चढू नकोस. हे मला नंतर कळलं. शंभर पानं त्यानं डाव्या हातानं वाढली. भात सांडत होता, पातेलं निसटत होतं, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. पाहुण्यांत बसलेले हौदाकडचे दोघंतिघं मदतीला उठले तर त्यांना त्यानं नुसत्या नजरेनं खाली बसवलं.

शेवटी आमची पंगत बसली, नवरा-नवरीची. तो माझ्या पानापाशी आला आणि डाव तसाच हवेत धरून थांबला.

“वाढू का,” अगदी हळू म्हणाला, “का हेही नाटक म्हणशील?”

मी मान खाली घातली. त्यानं भात वाढला आणि पुढे गेला.

पुढच्या हंगामात नेसरीकर सरांचा फोन आला, की परत ये, तुझी मिनिटं बरोबर होती, मी कुठंही सांगायला तयार आहे. मी नाही म्हणाले. पेठेला घाबरली, असं लोक म्हणाले. म्हणू दिलं. धैर्यशीलनंही परत हातमोजे घातले नाहीत. मनगट जुळलं, पण वळेना. तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला. दर भाऊबीजेला सांगलीला आमच्याकडे यायचा, ओवाळून घ्यायचा, चहा अर्धा टाकून निघायचा. बोलायला काही नसायचं असं नाही. सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी करत नव्हतं.

गेल्या महिन्यात तो अचानक आला. भाऊबीज नव्हती, काही नव्हतं. हातात काकवीची बाटली होती. गुऱ्हाळावर गेलतो, म्हणाला, भाच्याला चाटवायला आणली. शार्दूल तेव्हा चौदा महिन्यांचा, नुकता चालायला लागलेला. दोन पावलं टाकायचा, तिसऱ्याला बसायचा. मी आत चहा टाकला होता. धैर्यशील बाहेर चटईवर बसून बाटलीचं झाकण डाव्या हातानं फिरवत होता.

धप्प झालं आणि शार्दूलनं भोकाड पसरलं. मी हातातलं भांडं टाकून पळाले. स्टुलाच्या कोपऱ्याशी तो पालथा पडून जीव खाऊन ओरडत होता.

“थांब की,” धैर्यशील जागेवरून न हलता म्हणाला. “ओरडतोय न्हवं? मग काय झालं नाही. गप्प बसला तर पळ.”

माझे पाय दारातच थांबले.

ते वाक्य आईचं होतं. धैर्यशीलबद्दलचं होतं. लहानपणी हा खोटं रडायचा तेव्हा गल्ली गोळा करायचा, आणि खरं लागलं की तोंडातून शब्द नाही. पतंगाच्या नादात गच्चीवरून पडून खांदा निखळला होता तेव्हा हा पायानं चालत घरी आला, भिंतीला कपाळ टेकून गुडघ्यांवर बसला आणि बसूनच राहिला. आईनं मला तेव्हा सांगून ठेवलं होतं. ओरडला तर जाऊ दे त्याला, पण गप्प बसला तर पळ. आई गेल्यावर दहा वर्षं मी ह्या एका वाक्यावर त्याला सांभाळला होता. कधी चुकले नव्हते.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला तो ओरडला नव्हता.

शार्दूल आपोआप थांबला आणि स्टुलाला धरून उठायला लागला. मी धैर्यशीलच्या समोर चटईवर बसले.

“तू गप्प होतास त्या दिवशी,” मी म्हणाले. “मी बघितलं होतं, धैर्या. सर विचारायच्या आधीच बघितलं होतं.”

“ठाऊक आहे मला.”

“तरी मी—”

“तू बघितलेलं मी बघितलं होतं,” तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं, रागसुद्धा शिळा झाला होता. “राखीव गोलकीपर बाकावर बसला होता. डॉक्टर आत आला असता तर मी बाहेर गेलो असतो. एवढंच होतं.”

“गाडीवरून पडलो असं का सांगितलंस?”

त्यानं बाटली खाली ठेवली.

“खेळताना मोडलं म्हणालो असतो तर पहिला प्रश्न काय आला असता? पंचांनी डॉक्टर का बोलावला नाही. आणि नेसरीकर सर खोटं बोलत नाहीत. आठ मिनिटांसाठी पेठेनं तुला शिव्या दिल्या, त्या खोट्या होत्या. खोट्या शिव्या माणूस झटकून टाकतो. ह्या खऱ्या झाल्या असत्या. मिनिटं बरोबर होती तुझी. मी मोजत होतो. हे मी पेठेत सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मुद्दामच नाही सांगितलं. तेवढं माझं.”

मी त्याचं उजवं मनगट हातात घ्यायला गेले. त्यानं ते घेऊ दिलं नाही, मांडीखाली सरकवलं. त्याचा तो हक्क होता.

आत चहा उतू जात होता. वास आला, पण मी उठले नाही.

तेवढ्यात शार्दूलनं स्टूल सोडलं. एक पाऊल, दुसरं, तिसरं, आणि मामाच्या दिशेनं चौथं टाकताना तोल जाऊन तो पुढच्या पुढे आपटला. कपाळ फरशीवर लागल्याचा आवाज आला.

मग काहीच आवाज नाही.

आम्ही दोघं एकदमच उठलो. धैर्यशीलचा उजवा हात त्याच्याही नकळत पुढे आला होता, न वळणारा, पंजा उघडलेला. शार्दूल पालथाच होता. एक क्षण, दोन, तीन. मी मोजत होते. माझ्या शेजारी तोही मोजत होता, मला त्याचे ओठ दिसत होते.

मग पोरानं मान वर केली, आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं, श्वास ओढला आणि सगळी सोसायटी जागी होईल असा ओरडला.

आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.